अक्काचं यकृत, माझं जेवण

दुपारी साडेबारा वाजले की मी जेवायला बसतो. भूक लागण्याची वाट पाहत नाही. एक भाकरी, वाटीभर भाजी, अर्धी वाटी वरण, काकडीच्या चार फोडी. ताट संपलं की उठायचं, गल्लीत पंधरा मिनिटं चालायचं आणि दोन तासांनी बोटाला सुई टोचून साखर बघायची. पोट भरलं का, हे मी स्वतःला विचारत नाही. माझ्याकडून त्याचं खरं उत्तर येत नाही, हे मला उशिरा कळलं.

माझ्या उजव्या बरगडीखाली जे यकृत आहे ते माझ्या मोठ्या बहिणीचं आहे. शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष झालं. नांदेड-लातूरकडची माणसं कुणाकुणाकडून माझा नंबर मिळवून फोन करतात. "सर, भावाचं करायचंय. काय काय होतं?" मी सगळं सांगतो. रक्ताच्या तपासण्या, औषधांच्या वेळा, मास्क, उकळलेलं पाणी. एक गोष्ट मात्र दर वेळी गाळतो. ती लिहून टाकावी म्हणून हे लिहितोय.

पिवळे डोळे

मी नायगावच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि नांदेडला राहतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. चाकूरजवळच्या एका फाट्यावर अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्याशेजारी बसून मी अभ्यास केला. आज जे काही आहे ते शिक्षणामुळे आणि त्या शिक्षणासाठी झिजलेल्या दोन माणसांमुळे.

त्या दिवशी आठवीला पचनसंस्था शिकवत होतो. फळ्यावर जठर काढून झालं होतं, यकृत काढायचं बाकी होतं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुमचे डोळे पिवळे दिसायलेत."

"उन्हानं दिसत असतील," मी म्हणालो. वर्ग हसला, मीही हसलो. पण गेले दोन महिने पँट बसत नव्हती. शिंप्याकडून मी दोनदा कंबर सोडवून घेतली होती. वाढलेल्या पोटात चरबी नव्हती, पाणी साठलं होतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षांपासून घेता?"

"काय?"

"दारू."

"सर, मी शिक्षक आहे."

"शिक्षक घेत नाहीत असं कुठं लिहिलंय?"

माझी बायको रेखा शेजारी बसली होती. ती म्हणाली, "साहेब, ह्यांना गोड लागतंय. दारू न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "मग गोडानंच घात केला. यकृत कामातून गेलंय, गुरुजी. बदलावं लागेल."

पुढं त्यांनी विचारलं, "याआधी कधी सोनोग्राफी झाली होती?" मी "नाही" म्हणालो. रेखानं माझ्याकडे पाहिलं.

झाली होती. आठ वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी. खडा पडून गेला, पण रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'ग्रेड वन फॅटी लिव्हर.' वजन कमी करा, चाला, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तो रिपोर्ट पदवीच्या प्रमाणपत्रांच्या फाईलमध्ये जपून ठेवला आणि विसरलो. मधुमेह झाला तेव्हा गोळ्याही खाल्ल्या आणि जिलेबीही. गावाकडं कुणाच्याही दारात गेलं की, "सर आलेत, सरांना वाढा." माझ्या पानातलं कधी उरलं नाही. लोक कौतुक करायचे, एवढा शिकला तरी अन्नाला नाव ठेवत नाही. ते कौतुक मला फार गोड लागायचं. त्याचं कारण पुढं येईल.

बातमी शाळेत पोचली तेव्हा एक सहकारी म्हणाले, "काय सर, एवढी वर्षं एकट्यानंच घेतली? आम्हाला कधी बोलावलं न्हाई!" सगळे हसले. दारूडा नसल्याचा मला मोठा अभिमान वाटायला हवा होता. पण मनात आलं, दारूड्याला निदान व्यसन असतं. मला तर नुसता आळस होता.

"कामून विचारलं न्हाईस?"

रेखाचा रक्तगट जुळला नाही. मुलगी सोळा वर्षांची, कायद्यानं तिचं घेता येत नाही. उरली अक्का. अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, हदगावला दिलेली. दाजींची तिथं पिठाची गिरणी आहे.

मी रेखाला बजावलं होतं, अक्काला सांगायचं नाही. आई गेली तेव्हा अक्का दहावीला होती. तिनं परीक्षेचा फॉर्म भरला होता, पण परीक्षा दिलीच नाही, चुलीपुढं बसली. मी लातूरला शिकायला गेलो तेव्हा तिला स्थळं येत होती. "माधूची बारावी होऊ द्या," असं सांगून तिनं अण्णांना थोपवलं. एका माणसाकडून किती घ्यायचं?

रेखानं माझं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा फोन.

"माझा रक्तगट तुझाच हाय. बाळंतपणाच्या वक्ताला लिहून दिलता. मला कामून विचारलं न्हाईस?"

"अक्का, हे रक्त देण्यासारखं नसतं. पोट फाडून यकृताचा मोठा तुकडा काढतात."

"मग? माझं दोनदा फाडलंय. दोन्ही पोरं तशीच झालीत. तिसऱ्यांदा तू."

दाजी भेटायला आले. अंगावर पीठ तसंच. चहाचा कप हातात धरूनच म्हणाले, "सर, राग नका मानू. तिला काई झालं तर मी गिरणी कुणाच्या भरोशावर चालवू?" मग स्वतःच मान हलवली. "गिरणी मरू द्या हो. मी बोलू कुणासंगं?"

'नको' म्हणायची ती वेळ होती. मी ती वेळ जाऊ दिली. मला जगायचं होतं.

हैदराबादच्या एका मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. अक्काच्या यकृताचे फोटो बघून सर्जन म्हणाले, "या वयात इतकं स्वच्छ यकृत क्वचित बघायला मिळतं." अक्कानं मला विचारलं, "काय म्हणला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "घासून-पुसून ठिवलंय तुझ्यासाठी."

देणाऱ्या माणसावर जबरदस्ती नाही ना, हे विचारायला एक समिती असते. समोर कॅमेरा लावलेला. एका बाईंनी हिंदीत विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? अक्का म्हणाली, "हाय ना. माझा त्याच्यावर हाय. न्हाई न्हाई म्हणायलाय तो." समितीतल्या दोघांना मराठी येत होती. ते हसले, मग इतरांना सांगितलं, मग सगळेच हसले. मी जमिनीकडे बघत होतो. 'न्हाई न्हाई' मी एकदाच म्हणालो होतो, तेही हळू.

देगलूरच्या सिस्टर

अतिदक्षता विभागातल्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. तहान आठवते. नाकातली नळी आठवते. छताला एक गोल दिवा होता, तो मला काही वेळ अण्णांच्या दुकानातलं सायकलचं चाक वाटायचा.

तिथल्या बऱ्याच परिचारिका तेलुगू बोलायच्या. त्यातल्या एक सिस्टर देगलूरच्या निघाल्या. माझ्याशी मराठी, शेजारच्या खाटेशी तेलुगू, डॉक्टरांशी इंग्रजी. "आमच्या गावाकडं सगळ्यांनाच तीन भाषा येतात सर, त्यात काई विशेष न्हाई," असं म्हणायच्या. अक्का वरच्या मजल्यावर होती. तिथंही त्याच सिस्टर जायच्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी मला पातळ खिमट आलं. मी एक चमचा गिळला आणि मान फिरवली. सिस्टर वरून येऊन म्हणाल्या, "तुमची अक्का जेवायचं थांबलीय. विचारते, त्यानं खाल्लं का. काय सांगू?"

"सांगा, सगळं खाल्लं."

सिस्टरनी भरलेल्या वाटीकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

हेही मला लिहायलाच हवं होतं.

त्याच सुमारास बाहेरच्या बाकावर दाजी रेखावर भडकले. भेटायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा माझी चौकशी करायचा. दाजी म्हणाले, "तुमच्या माणसाचं सगळे विचारून राहिले. माझ्या बायकोचं कोन विचारतंय? ती काय धर्मशाळेत उतरलीय काय इथं?" रेखानं वाद घातला नाही. त्या दिवसापासून ती अर्धा दिवस अक्कापाशी बसू लागली. तिची वेणी घालायची, पाय चेपायची. ज्यांच्या घरी हे येणार आहे त्यांना मी हात जोडून सांगतो, देणारं माणूसही खाटेवर असतं. आधी त्याच्याकडे जा.

सहाव्या दिवशी अक्का कंबरेला पट्टा बांधून, भिंतीला धरत माझ्या काचेपर्यंत चालत आली. आत सोडत नव्हते. तिनं काचेवर बोटानं टकटक केलं आणि हातानं घास घेतल्याची खूण केली. मी मान हलवली. तिचा चेहरा वाळून गेला होता.

निरोप

सहा महिन्यांनंतर मी शाळेत जायला लागलो. एक गोष्ट मात्र विचित्र वाटत होती. जेवायला बसलो की थांबायचं कधी ते समजत नव्हतं. तीन भाकरी झाल्या काय आणि चार झाल्या काय. आणि जेवणानंतर साखर अशी चढायची की तासन्‌तास उतरायची नाही.

तपासणीला गेल्यावर मी सर्जनना विचारलं. त्यांनी हिंदीत सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. त्यांनी कागदावर यकृत काढलं, माझ्या फळ्यावरच्या चित्रापेक्षा वाईट, आणि म्हणाले, "रक्तवाहिन्या आम्ही शिवल्या. पित्ताची नळी जोडली. पण यकृतात चेतातंतूही असतात, केसासारखे. ते कापले जातात आणि शिवता येत नाहीत."

"मग ते यकृत चालतं कसं?"

"चालतं. रक्तातून येणाऱ्या इन्सुलिनसारख्या रसांचं ते ऐकतं. पण असं बघा, जेवण झालं की आतड्यातून सगळा माल आधी यकृताकडे येतो. किती साखर ठेवायची, किती पुढं सोडायची, हे तिथं ठरतं. तंतू शाबूत असले की मेंदूचा हुकूम झटकन पोचतो आणि यकृताचा निरोपही वर जातो की माल आला, भरतोय, आता पुरे. तुमच्यात ती तार तुटली आहे. काम होतं, पण सावकाश, आणि वर खबर नाही."

मी म्हणालो, "म्हणजे मला पोट भरल्याचं कळत नाही ते त्यामुळे?"

"सगळं त्याच्यावर ढकलू नका," ते म्हणाले. "जठराचे निरोप वेगळे असतात, ते चालू आहेत. तुमच्या औषधांनी भूकही वाढते आणि साखरही. काही रुग्णांना फरक जाणवतसुद्धा नाही. किती वाटा कशाचा हे कुणी छातीठोक सांगणार नाही. तंतू थोडेफार पुन्हा वाढतात असं दिसतं, पण त्याच्या भरवशावर बसू नका. जो निरोप आतून येत नाही तो तुम्ही बाहेरून द्यायचा. घड्याळानं जेवा, मोजून जेवा, जेवल्यावर चाला."

वीस वर्षं मी मुलांना यकृत ही शरीरातली सर्वात मोठी ग्रंथी आहे हे पाठ करायला लावलं. जेवणानंतर ते मेंदूशी बोलतं, हे मला माहीत नव्हतं.

डबा

पहिले सहा महिने बाहेरचं अन्न बंद होतं. सातव्या महिन्यात परवानगी मिळाली, मात्र उकळी येईपर्यंत गरम करून. अक्काला हे समजलं आणि हदगावहून एसटीनं डबा सुरू झाला. सकाळच्या गाडीच्या वाहकाकडे ती डबा द्यायची, मी नांदेडच्या स्टँडवर जाऊन घ्यायचा, दुपारच्या गाडीनं रिकामा परत. चार पुडांचा पितळी डबा, तिच्या लग्नातला. भाकरी, तुपातली भाजी, शिरा, कधी पुरणपोळी. "आजारी माणसाला ताकद नको का?" अशी तिची समजूत. तिचं यकृत तिच्या पोटात वाढून पुन्हा भरलं होतं, तिच्या तारा शाबूत होत्या, तिला अर्ध्या भाकरीतच पुरे व्हायचं.

आठवड्यातून तीन वेळा तो डबा यायचा आणि मी तो पुसून खायचो. रेखा म्हणायची, "अहो, थोडं ठेवा. मी खाते, पोरगी खाते." मी ऐकायचो नाही.

आता ती गाळलेली गोष्ट.

मी लातूरला शिकायला होतो तेव्हाही अक्काचा डबा एसटीनंच यायचा. त्या काळी अनेक पोरांचा यायचा. सकाळी स्टँडवर डब्यांची रांग लागायची, प्रत्येकाला फडकं वेगळ्या रंगाचं. माझं हिरवं. आत ज्वारीच्या चार भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. खोलीतली पोरं मेसच्या पोळ्या खायची. एकदा एक जण नाक धरून म्हणाला, "आला बघा माध्याचा शेतातला माल!" तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा मी डबा खोलीवर नेलाच नाही. स्टँडच्या मागं मोकाट गायी असायच्या. भाकरी त्यांच्यापुढं टाकायचो, भाजी गटारात, डबा नळावर चकाचक धुवायचा आणि सांजच्या गाडीत ठेवून द्यायचा. जेवणाला समोसा खायचो.

दोन वर्षं हे चाललं. अक्का गावातल्या बायकांना सांगायची, "माधूचा डबा कधी भरलेला परत आला न्हाई."

म्हणून पुढं आयुष्यभर मी कुणाच्या दारात पानात घास ठेवला नाही. म्हणून आता हदगावच्या डब्यातला कण ठेवत नव्हतो. मला वाटायचं, मी फेडतोय.

दहाव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'ग्रेड वन फॅटी लिव्हर.' त्या जुन्या रिपोर्टमधलेच शब्द. घासून-पुसून ठेवलेल्या त्या यकृतावर दहा महिन्यांत मी चरबी चढवली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "मोजून खाता?"

"हो."

"तेल-तूप?"

"अगदी कमी."

बाहेर आल्यावर रेखानं रस्त्यातच मला थांबवलं. "खोटं कामून बोललात?" मी रिक्षाला हात करायला लागलो. ती म्हणाली, "तुमचं असतं तर मी काई बोलले नसते. हे त्यांचं हाय. त्यांना सांगा, न्हाईतर मी सांगते. आन् हे गेलं तर दुसरं कुणाचं आणणार?"

हदगाव

पुढच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि थोडी भाजी खाल्ली. बाकीचं तसंच ठेवून झाकण लावलं आणि तो डबा मांडीवर घेऊन हदगावच्या गाडीत बसलो. रेखा येते म्हणाली, मी नको म्हणालो.

गिरणी चालू होती. दाजी पाखडलेली ज्वारी ओतत होते. मागच्या पडवीत अक्का गहू निवडत बसली होती. डबा हातात घेताच ती म्हणाली, "जड कामून हाय? आंबलं का?"

"न्हाई. अक्का, मला जास्त होतंय. रिपोर्ट आलाय. तुझ्या यकृताला चरबी धरायलीय."

तिचा हात स्वतःच्या पोटावर गेला. "माझ्या?"

"मला दिलंस त्याला."

मग मी चेतातंतूंचं सांगितलं, जसं आठवीच्या मुलांना सांगतो तसं. की यकृत काम करतं पण खबर देत नाही, म्हणून मोजून खावं लागतं. ती म्हणाली, "मग आधी कामून सांगितलं न्हाईस? मी कमी दिलं असतं. मी काय तुझी दुश्मन हाय?"

"डबा भरलेला परत पाठवायला मन होत नव्हतं."

"येवढ्यासाठी?"

तेव्हा मी लातूरचं सांगितलं. सगळं. फडक्याचा रंग, गायी, गटार, नळ, समोसा. ती गहू निवडायची थांबली.

"किती बार?"

"आठवड्यातून दोन-तीनदा."

"बारावीपत्तोर?"

"हाव."

गिरणीचा पट्टा फिरत होता, त्याचा आवाज पडवीत येत होता. ती म्हणाली, "सांजच्या गाडीनं डबा यायचा. अण्णा फाट्यावरून आणायचे. हाताला हलका लागला की मी ताट वाढून घ्यायची. त्याच्या आधी न्हाई. अण्णा म्हणायचे, जेव की पोरी, रात व्हायली. मी म्हणायची, डबा येऊ द्या."

हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

मी तिच्या पायाला हात लावायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले आणि सूप उचललं. "गहू राहिलेत," म्हणाली.

दाजी दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं ते कळलं नाही. ते म्हणाले, "सर, पाचला गाडी हाय." मी निघालो. अक्का मला कधीच "पोचलास की फोन कर" म्हटल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी म्हणाली नाही.

नववा दिवस

आठ दिवस डबा नाही, फोन नाही. मी डॉक्टरांना फोन करून खरं काय खात होतो ते सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "आता कळलं." तेव्हापासून स्वयंपाकघरातली वाटी हेच माझं माप झालं. पुढच्या तपासणीत चरबी वाढलेली नव्हती. कमी झाली असंही नाही. अजून वेळ लागेल, असं म्हणतात.

त्या आठ दिवसांत मात्र मी वेळच्या वेळी मोजून जेवत होतो आणि प्रत्येक जेवणानंतर फोन बघत होतो. पोरगी म्हणाली, "बाबा, आत्याला फोन लावू का?" रेखा म्हणाली, "नको. त्यांना रागावू दे. त्यांचा हक्क हाय."

नवव्या दिवशी दाजींचा फोन आला. "सकाळच्या गाडीत डबा ठेवलाय. छोटा हाय, शोधा जरा."

स्टँडवर वाहकानं सीटखालून काढून दिला तो एका पुडाचा स्टीलचा डबा होता, लहान मुलं शाळेत नेतात तसला. हिरव्या फडक्यात बांधलेला. आत एक भाकरी घडी करून, कडेला वाटीभर भाजी, वर तेलाचा तवंग नाही. गोड काही नाही.

मी तिथंच उभा असताना अक्काचा फोन आला.

"पोचला का डबा?"

"हाव, अक्का."

"किती खायला सांगितलंय?"

"एक भाकरी. कधी त्याच्या आतच थांबायचं."

"मग थांब. आन् ऐक. डबा धुऊन पाठवू नको."

"अगं, वास येईल."

"येऊ दे. काय उरलं ते मला बघायचंय."

साडेबाराला भाजी उकळून घेतली आणि जेवायला बसलो. पाऊण भाकरी झाली तेव्हा हात थांबवला. पुरे झालं होतं का, मला माहीत नाही. पण थांबलो. उरलेली पाव भाकरी आणि घासभर भाजी डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं, हिरवं फडकं बांधलं.

दुपारच्या हदगाव गाडीच्या वाहकानं डबा हातात घेऊन सवयीनं विचारलं, "रिकामाच ना, सर?"

"नाही," मी म्हणालो. "आहे थोडं."

संध्याकाळी फोन आला. मागं गिरणीचा आवाज होता.

"पाव भाकरी हाय," अक्का म्हणाली.

"हाव."

"बरं." डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आन् मी डब्यासाठी थांबले न्हाई. दुपारीच जेवले."